श्वास रोखा

यकृताचं दुखणं जुनंच, त्यामुळे सोनोग्राफीचं मला आता काही वाटत नाही. हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी तर दर वेळी स्वच्छ येते.

"लपून बसलं असेल तर रक्तात सापडत नाही कधीकधी," पोटावर गार जेल लावत डॉक्टरबाई म्हणाल्या. "श्वास रोखा."

मी रोखला. पडद्यावर यकृत मात्र सावकाश वरखाली होत राहिलं.

"रोखा म्हटलं ना."

"यांना कुणाचं ऐकायची सवयच नाही," पायाशी बसलेली बायको म्हणाली. मग तिला माझे फुगलेले गाल दिसले आणि ती उठून पडद्याकडे बघायला लागली.

बाईंचा हात तिथंच थांबला. "सोडा," त्या हळूच म्हणाल्या.

मी सोडला, पुन्हा घेतला. माझं पोट हललं.

पडद्यावर आता काहीच हलत नव्हतं. कुणीतरी श्वास रोखला होता.