गवत कुठं झुकलंय

बारा वर्षं चित्रकार एकाच डोहाकाठी एकच सांबर रंगवत होता. बायको टोमणा मारायची, "माझ्याकडे कधी असं टक लावून बघितलंत का हो?" तो नुसता हसायचा. सांबरही त्याला बुजेनासं झालं होतं. चार हातांवर येऊन निवांत पाणी प्यायचं.

प्रदर्शनात एक गृहस्थ त्या सांबराच्या चित्रासमोरून हलेचनात. "गवत डावीकडे झुकलंय, म्हणजे वारा डोंगरावरून येतो. उन्हं कोवळी आहेत, म्हणजे सकाळीच येतं पाण्यावर. बरोबर ना?"

चित्रकाराचा ऊर भरून आला. त्याचं चित्र इतकं जीव लावून आजवर कुणी वाचलंच नव्हतं! त्यानं डोहाची वाट कागदावर काढून दिली, सांबर माणसाला भीत नाही हेही कौतुकानं सांगितलं, आणि विकलेलं चित्र स्वतः उचलून त्यांच्या गाडीपर्यंत नेलं.

महिन्याभरानं त्या गृहस्थांचा फोन आला.

"अहो कलाकार, तुमचं चित्र परत घेऊन जा. भिंतीवर त्या जागी आता खरं मुंडकं लावलंय, शिंगांसकट."