रोज थोडं थोडं

१९७४ साली मी साताऱ्यातल्या एका शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या कारखान्यात जंतू सांभाळायचो. जंतूंशी माझं बरं जमत असे. मुली मात्र एकामागून एक नकार देत होत्या. माधवनगरला चारुशीलेला पाहायला निघालो तेव्हा गंगाधरमामांनी बजावलं, "माझं मध्यस्थी करणं हे शेवटचं. तिथं घुम्यासारखा बसू नकोस, काहीतरी बोल."

मी बोललो. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सुरू झालो, "जंतूंना एकदम कडक आम्लात टाकलं तर ते मरतात. पण आम्ल हळूहळू वाढवत नेलं, तर त्यांना सवय होते. मग त्याच आंबटात राहून ते आंबलेल्या उसाच्या रसाचा शिरका करतात." चहावर साय धरली तरी मी आम्लावरच होतो. मामा छताकडे बघत होते.

शेवटी तिच्या वडिलांनी तिला विचारलं, "तुला काही विचारायचंय का गं?"

मान वर न करता ती म्हणाली, "मग मला हे सगळं आजच का सांगितलंत? रोज थोडं थोडं सांगायचं."

सगळे हसले. माझे कान तापले.

परतीच्या एसटीत मी मामांना म्हणालो, "हाही नकारच. मी उगाच बोललो."

मामांनी शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली.

"गाढवा, रोज म्हणाली ना ती?"