कोऱ्या पुस्तकांची पेटी

"पेटी गाडीत ठेवा," स्वरूपा मॅडम म्हणाल्या. ड्रायव्हरनं बाह्या वर सारल्या.

गोष्टींच्या पुस्तकांची ही पेटी तेलंगणातल्या आदिलाबादहून शाळेत आली ती वर्षभराच्या बोलीवर. मुलांनी वाचली तर इथेच राहणार, नाहीतर दुसऱ्या मराठी शाळेत जाणार. पेटी पाठवणाऱ्या कार्यालयातर्फे मॅडम तेच बघायला आल्या होत्या. त्यांनी एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं नाकाशी धरलं. कुठे दुमडलेलं पान नाही, कुठे बोटाचा डाग नाही. दुकानातून आत्ताच आणल्यासारखी कोरी पुस्तकं.

"ही कुणी उघडलीच नाहीत, सर." मॅडम तेलुगू, पण आदिलाबादेत मराठी शेजारात वाढलेल्या. मराठी त्यांना घरच्यासारखी येत होती.

सुधाकरराव सरांचा चेहरा उतरला. वर्षभर त्यांनी पुस्तकं जिवापाड जपली होती. कापूस वेचून आलेले हात साबणानं धुवायचे, फडक्याला पुसायचे, सरांना तळवे दाखवायचे, तेव्हा कुठे पुस्तक मिळायचं. तेही वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मांडीवर रुमाल पसरून वाचायचं. आणि आज मॅडम येणार म्हणून सरांनी सकाळीच सगळी कव्हरं काढून टाकली होती. पुस्तकं चमकायला हवीत म्हणून.

"वाचतात हो मॅडम. विचारा ना पोरांना."

रुपा उभी राहिली. "पुस्तक खूप छान आहे. त्यातून चांगला बोध मिळतो." मग वैभव उठला. पुस्तक वेगळं, वाक्य तेच. साक्षीचंही तेच. कुणी अडखळू नये म्हणून सरांनीच ते सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. मॅडम कसनुसं हसल्या. ड्रायव्हर पेटीपाशी वाकला.

नववीतली प्रगती पेटीकडे बघत होती. मागच्या वर्षीपर्यंत ती सरांना पाणी प्यायला जाऊ का हेसुद्धा रुपाकडून विचारून घ्यायची. तिला वाचा फुटली ती या पेटीमुळे. आणि आता पेटीच चालली होती.

ती उठली. "मॅडम, सगळेच पुस्तकं छान नाहीत."

रुपानं तिची ओढणी ओढली. "बस ना वं. पेटी जाईन."

"तशीबी चाललीच हाये." प्रगती थेट पेटीपाशी गेली. "हे भुताचं. पुस्तकभर भेव दाखवते आन् शेवटी सांगते का ते सपन होतं. असं कोणी करते का? भेवानं मी रोज आईले उठवत होती. फुकट उठवली बिचारीले."

पोरं फिसकन हसली. सरांनी डोळे वटारले. प्रगती थांबली नाही.

"हे कोळ्याचं. समुद्र असा दाखवला का मले इथं बसून खारा वास आला. पण लिहिणाऱ्याले वाटते, आपल्याले अक्कल नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावते. आन् हे शहरातल्या पोरीचं. तिले सोताची खोली हाये, तरी रडते. आधी मले राग आला. मंग दिसलं, तिच्या घरात तिच्याशी कोणी बोलतच नाही. तवा मीबी रडली. पानावर थेंब पडू नये म्हणून पुस्तक लांब धरलं, नाहीतर सरांनी पुन्हा देलंच नसतं."

सर आपल्या चपलांकडे बघू लागले. मॅडम पेटीच्या काठावर टेकल्या. "आणि हे?" त्यांनी जाडसर पुस्तक पुढे केलं. त्याच्या मुखपृष्ठावर बक्षीस मिळाल्याचा सोनेरी शिक्का होता.

"हे सगळ्यात वाईट."

सरांना ठसका लागला.

"याच्यात आमच्यावानी घरची पोरगी हाये. आजीसंग दुसऱ्याच्या वावरात जाते. मारलं, रडली. भाकर नाही, रडली. पानापानावर रडते. माही आजी भागाबाई जलमभर मजुरी करत आली, पण पाटलाची नक्कल करते तवा अख्खी गल्ली पोट धरून हासते. या लिहिणाऱ्यानं पोरीले एकदाबी हासू देलं नाही. बोलूबी देलं नाही. सगळे तिच्याबद्दल बोलतात, ती आपली गप."

"बक्षीस मिळालेलं पुस्तक आहे, बाळा," मॅडम म्हणाल्या.

"असन. बक्षीस लिहिणाऱ्याले भेटलं. पोरीले काय भेटलं?"

मॅडमनी पुस्तक मध्येच उघडून एक पान वाचलं, मग मागचं, मग पुढचं. वर न पाहता त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "राहू दे पेटी. इथेच राहील."

सर मटकन खुर्चीत बसले. रुपानं प्रगतीकडे पाहून भुवया उडवल्या. मॅडम उठल्या आणि ते जाड पुस्तक त्यांनी काखेत धरलं.

"एवढं वाईट आहे तर हे मी परत नेते. याच्या बदल्यात दुसरं पाठवते, चांगलं, हसरं."

सौदा सगळ्यांना पटला. सरांनीही मान हलवली. पण प्रगतीनं पुस्तकाची एक कड पकडली होती आणि ती सोडायला तयार नव्हती. मॅडमनी जरा ओढलं. तिनंही ओढलं.

"अगं, आत्ताच तर एवढी नावं ठेवलीस."

"ठेवली. पण हे नका नेऊ." प्रगतीनं पुस्तक काढून घेऊन छातीशी धरलं. "ती पोरगी काय बोलली असती ते मी वहीत लिहून राह्यली, मॅडम. निम्म्यापर्यंत आली. अजून तिले हासवाचं बाकी हाये."