पेरणीतारखेच्या तीन नकला

“हा एरर वाचा,” मुलाखत घेणाऱ्या महादेवरावांनी स्क्रीन आचलकडे वळवला.

‘पेरणीतारीख’चं रूपांतर ‘पेरणीतारीख’मध्ये होऊ शकत नाही, असं लिहिलं होतं.

“म्हणजे स्वतःच स्वतःले ओळखून नाही राहिली,” शेजारी बसलेला प्रोग्रॅमर सरफराज हसला. “आठ दिवसांपासून डोकं फोडून राहिलो. एजंटाकडून घेतलेला प्रोग्रॅम. कोन्या येड्यानं लिहिला, अल्ला जाने. नाव बी नाही ठेवलं.”

खालून बाळाचं रडणं वर आलं. आचलची बोटं पदरात आवळली गेली. जिन्याखाली तिचा नवरा पियुष बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता. तो कामाला होता तो कापसाचा जिनिंग कारखाना दोन हंगामांपासून बंद. आज ही नोकरी मिळाली नाही, तर अकोल्यातलं बिऱ्हाड मोडावं लागणार होतं.

“अर्जात दोन वर्षं रिकामी दिसतात,” महादेवराव म्हणाले.

“बाळ झालं, सर.”

“मग जमेल? सोमवारी गावोगावच्या केंद्रांत हा पीकसल्ला सुरू करायचा आहे. पेरणी आपल्यासाठी थांबत नाही.”

आचलनं कीबोर्ड ओढून घेतला. कपाशी, तूर, सोयाबीन. मुख्य प्रोग्रॅमला जोडलेली तीन मोड्यूल्स. तारखा, एकर, पाऊस यांचा हिशेब करणाऱ्या सामायिक कोडची जार फाइल, म्हणजे एकत्र बांधलेलं गाठोडं, मुख्य प्रोग्रॅमपाशी होती, आणि तिची एकेक नक्कल तिन्ही मोड्यूल्सच्या पोटातही.

“सर, ही जावा भाषा नुसतं नाव बघत नाही. कोणत्या लोडरनं, म्हणजे कोणी आत आणलं, तेही बघते. वलगावचे खुशालराव आणि भातकुलीचे खुशालराव, नाव एक, माणसं दोन. तशीच मुख्य प्रोग्रॅमची पेरणीतारीख वेगळी आणि कपाशीची वेगळी.”

“मंग?” सरफराज पुढे सरकला.

“पोटातल्या नकला काढायच्या. वरची एकच ठेवायची. मोड्यूलला काही लागलं की ते आधी वर, मुख्य प्रोग्रॅमकडे विचारतं. तिथं मिळालं की भांडण मिटलं.”

तिनं तिन्ही नकला पुसल्या आणि प्रोग्रॅम चालवला.

कपाशी उघडलं. तूर उघडलं. सोयाबीननं तर पेरणीची तारीखही सांगून टाकली.

“ओ बाप!” सरफराज उभाच राहिला. “बारा मिनिटं! बाई, तुमी तर आमची इज्जतच काढली!”

महादेवराव पहिल्यांदा हसले. “सोमवारी या. बाळाला आणलं तरी चालेल.”

आचल दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. बाळाला घेतलं, छातीशी घट्ट धरलं.

“झालं?” पियुषनं विचारलं.

“झालं! सोमवारपासून.”

“पण ते आठ दिवस अडकले, अन् तुले एवढ्या लवकर कसं सापडलं?”

आचलनं जिन्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“सातव्या महिन्यात दादा मला माहेरी न्यायला आला ना, रिक्षा दारात उभी होती, तेव्हा एजंटाला हा प्रोग्रॅम द्यायच्या घाईत त्या नकला मीच चिकटवल्या होत्या.”