पांढरी रेघ

ज्ञानेश पान्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहिला. पाना कुरकुरला. नट हलला नाही.

गाडीचे ब्रेक किंचाळत होते म्हणून त्यानं घरीच पॅड बदलायला घेतले होते. उजवीकडचं काम तासाभरात उरकलं. डावं पुढचं चाक मात्र निघायला तयार नव्हतं.

"राहू द्या," ओट्यावर मेथी निवडत सायली म्हणाली. "नाहीतरी मला न्हाई यायचं."

उद्या मांडवगणला, सायलीच्या माहेरी, सप्त्याचं काल्याचं कीर्तन होतं. आईचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते.

सायलीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हापासून तिचे वडील, आबा, तिच्याशी बोलत नव्हते. गेल्या साली दोघं न सांगताच सप्त्याला गेली. गाडी मांडवाला खेटून लावली. आबा पुढं टाळकऱ्यांत उभे होते. त्यांनी गाडी पाहिली, लेकीला पाहिलं, टाळ शेजारच्याच्या हातात दिले आणि भर कीर्तनातून निघून गेले. दौंडला रेल्वेत फिटर असताना ड्युटीवरून न जेवता कीर्तनाला येऊन बसणारा माणूस. नामाचा गजर चालू असताना त्यांना उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कीर्तन संपलं तरी ते परतले नाहीत.

"माझं तोंड दिसू नये म्हणून देवापुढनं उठले," ती म्हणाली. "परत कशाला उठवू त्यांना?"

ज्ञानेश घाम पुसत बसला. "मला कळंना. ह्या चाकाला शेवटचा हात माझाच हाय. त्याच दिवशी सप्त्याला जाताना वाटंत पंक्चर झालं, तवा घाईघाईत मीच स्टेपनी चढवली. इतकी कशी आवळली असंल मी?"

"तुम्ही? तुमच्यानं लोणच्याची बरणी उघडत न्हाई."

तो हसला. डिझेलचा बोळा घेऊन त्यानं नटांवरचा चिखल पुसला. मग थांबला.

"हे काय? नटावरनं खाली रिमवर रेघ वढलीय कुणी तरी. पांढऱ्या रंगाची. चारी नटांवर हाय."

सायली उठली. मांडीवरची मेथी खाली सांडली. चाकापाशी गुडघे टेकून तिनं रेघेवर बोट ठेवलं.

रेल्वे कॉलनीतल्या घरात पंख्याच्या नटावर अशीच रेघ होती. झोपाळ्याच्या कडीवर होती. तिच्या पहिल्या सायकलीच्या दोन्ही चाकांवर होती. आबा नट आवळायचे, ब्रश फिरवायचे आणि म्हणायचे, "नट हलला की रेघ तुटती, पोरी. लांबनं कळतं."

मांडवापाशी येताना हे चाक डुगडुगलं असणार, ते आबांनी हेरलं असणार. त्यांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. पाना आणि रंगाचा डबा आणायचा, चार नट आवळायचे. तेवढ्यात कीर्तन संपलं असणार.

तिनं डोळे पुसले, तर गालाला डिझेल लागलं.

ज्ञानेशनं पान्याला लांब पाईप लावला. नट एकेक करत करकरत सुटले. सायलीनं ते मेथीच्या ताटात, निघाले त्याच क्रमानं मांडून ठेवले.

पॅड बसले. चाक चढलं. त्यानं पाना उचलला, तशी ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली.

"अहो, रेघेला रेघ जुळवूनच आवळा. उद्या आबा माझ्या तोंडाआधी तीच बघत्याल."