बोअरचं झाकण

"इथे सही करा, नोरीन. डॅरिलच्या नोटिशीला उद्या एकविसावा दिवस," वकील हेडलीने कागद पुढे सरकवले. "उद्याची मुदत चुकली, तर कायद्याच्या लेखी तुमच्या कंपनीचं दिवाळं निघालं."

कंपनी म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या बर्कजवळचं मेंढ्यांचं रान, आणि नवरा गेल्यापासून एकटी नोरीन.

"यात मी काय म्हणतेय?"

"एवढंच, की बोअरचा करार कंपनीने केला नाही. बोअर खोदणाऱ्या डॅरिलकडे पुरावा काय, तर पबमधला ग्लासाखालचा पुठ्ठा. 'ब्लू, साठ मीटर.' आता ब्लू म्हणजे कंपनी, की नुसता तुमचा नवरा? एवढी शंका कोर्टाला पुरते."

"आणि नुसता नवरा असला तर?"

"त्याच्या नावावर एक मोडकी जीप नि एक कुत्रा. डॅरिलने हात चोळत बसावं."

या भागात पुठ्ठ्यावर लिहिलं की व्यवहार झाला. वकील लागतो तो माणूस मेल्यावर. डॅरिलने खोदायचं यंत्र गहाण टाकलंय, हे नोरीनला ठाऊक होतं. पण त्याचे पैसे द्यायचे तर दोनशे गाभण मेंढ्या विकाव्या लागणार, मग पुढच्या वर्षी लोकर कशाची कातरायची? शिवाय तिला त्याचा रागही होता. ब्लूच्या दफनाला येऊन मुकाट्याने सँडविचं खाल्ली, पैशाचं अवाक्षर काढलं नाही, आणि मग एकदम नोटीस. तिने पेन उचललं.

"सहीआधी बोअरचा एक फोटो घेऊ," हेडली म्हणाला. "जोडावा लागेल."

बोअर पुरा व्हायला नि ब्लू जायला एकच आठवडा. पंप बसलाच नव्हता, आणि नोरीनचा पाय त्यानंतर तिकडे वळला नव्हता. वाटेत वाळक्या गुलाबांची रांग होती. त्यांच्या पाण्याच्या बादल्या वाहून कंबर मोडली, म्हणून दहा वर्षं तिने ब्लूचं डोकं खाल्लं होतं.

झाकणावर बोटभर धूळ होती. हेडलीने ती बुटाने सारली. डॅरिलची एक जुनी खोड होती. काम संपलं की बोअर ज्याच्यासाठी मारला, त्याचं नाव तो झाकणावर वेल्डिंगने उमटवायचा.

हेडली वाकला आणि खूश झाला.

"झकास. इथेही कंपनीचं नाव नाही. बघा, 'नोरीनच्या गुलाबांना'. आता कसली भीती?"

नोरीन गुडघ्यावर बसली. उरलेली धूळ तिने बाहीने पुसली, एकेक अक्षर करत. हेडलीचे चार फोटो काढून झाले, तरी ती उठेना.

"हेडली, बाजार शुक्रवारीच असतो ना अजून? म्हणजे उद्याच?"

"हो. का?"

"दोनशे मेंढ्यांना ट्रक कुणाचा सांगू?"