चौथं नाव

'पुन्हा प्रयत्न करा.'

परत तेच! निवेद्याने टेबलावर तळहात आपटला. सातव्यांदा! चेंगन्नूरच्या शाळेत विज्ञान मेळा भरला होता आणि परीक्षक बाई दोन टेबलं सोडून उभ्या होत्या. पुढच्या फेरीत जायचं तर त्यांच्यासमोर पुराचा इशारा वाजायलाच हवा होता.

प्रोग्राममधलं इशारा देणारं फंक्शन ब्लेसीने लिहिलेलं. आणि बाईसाहेब गेल्या होत्या पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी, तळली का बघायला! निवेद्याने काहीही दिलं तरी फंक्शन ते घ्यायचं आणि तोंड फिरवायचं. कुठे अडलंय तेही कळेना. चुकांचे लांबलचक संदेश परीक्षकांना दिसू नयेत म्हणून निवेद्यानेच काल ते सगळे या एका गोड वाक्याखाली दडपले होते. अतिशहाणपणा, दुसरं काय!

शेवटी तिने पायथनलाच विचारलं, बाबा रे, या फंक्शनला हवंय तरी काय? लगेच यादी आली. पाण्याची उंची, वॉर्ड, घरचा फोन. या तिन्हींपुढे काहीतरी आधीच भरलेलं होतं, म्हणजे दिलं नाही तरी चालणार. चौथं नाव ब्लेसीने मल्याळममध्ये लिहिलं होतं: घरात अंथरुणाला खिळलेले किती. त्याच्यापुढे काही नव्हतं. ते सांगितल्याशिवाय इशारा जाणारच नव्हता.

तेवढ्यात ब्लेसी आली, हातात तेलकट पुडा.

"अगं ए बये, हे चौथं कशाला घुसडलंस? दर घराला कोण विचारत बसणार?"

"विचारायचं."

"आणि नाही विचारलं तर? तिन्हींचं भरलंस, मग याचंच भरायला काय धाड भरली होती तुला? थांब, मीच शून्य टाकते. कुणी काही सांगितलं नाही की शून्य. संपला विषय!"

तिने टाकलंसुद्धा. ब्लेसीने पुडा खाली ठेवला आणि ते शून्य पुसलं.

"काय गं मुलींनो, चालत नाही का?" परीक्षक बाई टेबलाशी येऊन उभ्या होत्या.

"चालतं, टीचर. फक्त हे चौथं सांगावं लागतं." ब्लेसीने पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "मागच्या मोठ्या पुरात आमच्या गल्लीत बोट आली, तेव्हा आमचं बंद दार बघून सगळ्यांनी शून्यच धरलं होतं. आत पलंगावर माझी अम्मच्ची होती, माझी आजी."